एक पहारा गावासाठी

महोदय,

श्रावणातल्या नामसप्ताहाचे पहारे, म्हणजे वीणा घेऊन अखंड नाम चालू ठेवण्याच्या पाळ्या, आमच्या वाडीत आताच वाटून झाले, म्हणून हे पत्र.

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले. पाणी ओसरल्यावर आमचे भजनी मंडळ टाळ खुंटीला लावून फावडी-घमेली घेऊन बाजारपेठेत गेले. एका आजींच्या घरात देव्हाऱ्यापर्यंत चिखल होता. आमचा पखवाजवाला तो उपसताना नाम घेत होता. आजी पिंपातले कुजके तांदूळ काढत होत्या. थोड्या वेळाने त्यांचेही ओठ हलू लागले. असे चित्त देवळात माझे क्वचितच लागले आहे.

पुढे नाम देवळात राहिले आणि काम पुढाऱ्यांवर गेले. हे मला मनापासून खटकते. कणकवलीत गोपुरी आश्रम उभारणाऱ्या अप्पासाहेब पटवर्धनांनी मैलासफाई स्वतः केली. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात ते काम मिळावे म्हणून उपोषणही केले. गागोद्यात जन्मलेले विनोबा भूदानासाठी वर्षानुवर्षे पायी हिंडले, आणि त्या पदयात्रेत रोजची प्रार्थना होतीच.

दरवर्षी दरडींची धास्ती असते. मुलगे मुंबईला, घरात एकटी म्हातारी माणसे. सप्ताहातला एक पहारा त्यांच्यासाठी ठेवता येईल. वीणा देवळात हातोहात फिरत राहील. पहारा उतरलेल्यांनी पऱ्यातला (ओढ्यातला) गाळ काढावा, दरडीखालच्या घरी जाऊन विचारपूस करावी. आमच्या वाडीने यंदा बुधवारचा पहारा त्यासाठी ठरवला आहे. इतर मंडळांनी असे काही केले असल्यास या सदरातून जरूर कळवावे.

– एक भजनकरी, चिपळूण