आंबोलीच्या बेडकाचा एक्का

आदरणीय काकी,

सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या लेकीच्या फोनवर पाठवलं असतं, तर तिने तुम्हाला वाचून दाखवलं असतं आणि गोष्ट तिथेच संपली असती. पण माझा प्रकल्प बघणारा जो तो विचारतो, हे सुचलं कसं? दर वेळी सांगता सांगता मी तुमच्या ओसरीवर येऊन पोचते. म्हणून चारचौघांत लिहिते आहे. नाव लिहू नकोस असं तुम्ही बजावलं होतंत, तेवढं पाळते.

डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला होते. आंबोलीच्या शाळकरी मुलांसाठी तिथल्याच निसर्गावर एक खेळ करायचा, एवढं ठरलं होतं. सावंतवाडीला उतरले ती गंजिफाची, म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या पत्त्यांची, पानं बघायला. गोल पानं, लाखेची चकाकी, त्यावर मासा, कासव, परशू, बाण. ही चित्रं उतरवून घ्यायची, अवतारांच्या जागी प्राणी बसवायचे आणि छापून मोकळं व्हायचं, असा माझा बेत. चितार आळीत दोन दिवस फोटो काढत फिरले. तुमच्याकडेही फोटोच काढले. तुम्ही काढू दिलेत, चहा दिलात आणि मग विचारलंत, "खेळूक येता काय गो?"

मला खेळता येत नव्हतं. दोन दिवसांत कुणी हे विचारलं नव्हतं आणि मलाही ते विचारण्यासारखं वाटलं नव्हतं.

तुम्ही फडताळातून जुनी पेटी काढलीत. तुम्ही, तुमच्या सासूबाई आणि मी. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची १२ पानं: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. एकूण १२०, म्हणजे तिघींत ४०-४०. माझ्या हातात ती मावेनात. सासूबाईंनी माझा पंजा उघडून एकेक पान सरकवत बसवून दिलं. त्यांच्या बोटांचा तो खरखरीत स्पर्श अजून आठवतो. दिवसा डाव रामाच्या रंगाने सुरू होतो. आमचा तिसरा डाव चालू असताना दिवेलागण झाली. पुढचा डाव वाटून झाल्यावर मी रामाचा राजा शोधायला लागले, तर दोघी एकदम म्हणालात, "आता कृष्ण." रात्रीचा डाव कृष्णाचा. पत्त्यांचा खेळ खिडकीबाहेरचा उजेड बघून चालतो, हे मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा पाहिलं. फोटोत ते कुठून येणार होतं?

दुसरी गोष्टही त्याच रात्रीची. पाच रंगांत दश्शी मोठी आणि एक्का सगळ्यांत लहान, उरलेल्या पाचांत नेमकं उलटं. मी सारखी चुकत होते. असं उलटसुलट का, असं विचारल्यावर तुम्ही शांतपणे म्हणालात की काही गोष्टी पुष्कळ असल्या की मोठ्या, काही एकच असली की मोठी. तुमच्या लेखी ते साधं बोलणं होतं. मला त्या रात्री झोप आली नाही.

कारण आंबोली तशीच आहे. हिरण्यकेशी नदीच्या उगमापाशी महादेवाच्या देवळाचं जे कुंड आहे, तिथला छोटा मासा, शिस्टुरा हिरण्यकेशी, शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये नवी जात म्हणून नोंदवला आणि २०२१ मध्ये सरकारने ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. आंबोलीच्या नावाचा चट्टेरी बेडूक तिथल्या कातळावर पहिल्या पावसात बाहेर पडतो. असे जीव मोजकेच, म्हणून त्यांच्या रंगात एक्का मोठा. काजवे, खेकडे, रातांबे, साळुंक्या जितक्या जास्त तितकं रान भरलेलं, म्हणून तिथे दश्शी मोठी. पाच रंग असे, पाच तसे. नियम तुमचाच, जुनाच. मी फक्त त्याला राहायला रान दिलं. राजाच्या जागी त्या जिवाचं घर काढलं. माशाचा राजा म्हणजे देवळाचं कुंड, बेडकाचा राजा म्हणजे ओला कातळ. दिवसाचा डाव धनेशाने सुरू होतो आणि रात्रीचा काजव्याने.

पानं करतानाचं तर किती सांगू. छापील, लॅमिनेशन केलेली पानं मी आधी करून आणली होती. तुम्ही ती हातात घेतलीत, एकमेकांवर घासलीत आणि काही न बोलता खाली ठेवलीत. मग चिंचोके भाजायला बसवलंत. भाजून, भिजवून, टरफलं काढून, वाटून, शिजवून खळ करायला माझा अख्खा दिवस गेला. कापडावर खळ, त्यावर खडूची भुकटी कालवून लेप, मग दगडाने घोटणं. "घाई कित्याक?" हे तुम्ही त्या आठवड्यात किती वेळा म्हणालात!

आणि तरी मी घाई केलीच. जूनची पहिली सर आली त्या दिवशी ४० पानांना पुढूनच लेप देऊन पाठ कोरी ठेवली, चित्रंही रंगवली. सकाळी उठून बघते तर सगळी पानं पापडासारखी वळलेली. मला रडू फुटलं. तुम्ही एक पान उचलून त्याची पाठ दाखवलीत. एक बाजू लेपलेली आणि दुसरी उघडी, तर हवेतला ओलावा एकाच बाजूने शिरतो आणि पान त्या ओढीने वाकतं. दोन्ही अंगांना सारखा लेप हवा. ती ४० पानं पुन्हा करताना रात्री बारापर्यंत तुम्ही माझ्याजवळ बसलात. दुसऱ्या दिवशी तुम्हाला एक मागणी पुरी करायची होती, हे मला नंतर तुमच्या लेकीकडून कळलं. काकी, हे कर्ज मी विसरलेले नाही.

तुम्ही ही कला राजवाड्यात शिकलात. सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७१ च्या सुमारास ती पुन्हा उभी केली, तेव्हा त्यांना शिकवायला पुंडलिक चितारी हे वयोवृद्ध कलाकार उरले होते. एका म्हाताऱ्या हातातून ते ज्ञान किती जणींकडे गेलं, आणि तुम्ही ते दोन दिवसांच्या ओळखीवर माझ्यासारखीला दिलंत. माझ्याकडून एक पैसा घेतला नाहीत. मी आणलेली साडीसुद्धा सासूबाईंच्या आग्रहाने घेतलीत.

शाळेत पहिला डाव मांडला ते तुम्ही बघायला हवं होतं. चौथीतला एक मुलगा बेडकाचा एक्का टाकून नुसता ओरडला, "आमच्याकडचो!" समोरच्या मुलीची बेडकाची दश्शी गेली. ती माझ्याकडे तक्रार घेऊन आली, तर त्यानेच तिला सांगितलं की हा बेडूक दुसरीकडे नसतोच, म्हणून एकटाच भारी. मी तोंडही उघडलं नव्हतं.

त्यांनी एक नियमही बदलला आहे. जोराचा पाऊस चालू असेल तर दिवस असो वा रात्र, डाव बेडकाने सुरू करायचा. मला तो इतका आवडला की मी तो पेटीतल्या माहितीच्या कागदावर लिहून टाकला. सासूबाईंना विचारून सांगा, चालेल ना?

दुसरा संच या पत्रासोबत कुरिअरने निघतो आहे. पेटी पांगाऱ्याचीच आहे, तुम्ही सांगितलेल्या सुताराकडून करून घेतली. बेडकाचा एक्का तुम्ही मला हात कसा धरायचा ते दाखवताना काढला होता, तोच त्यात ठेवला आहे. बाकीची ११९ पानं माझी.

शिमग्याला येते. तेव्हा परसातला पांगारा फुललेला असेल. सासूबाईंना सांगा, या वेळी मला ४० पानं हातात धरता येतात.

तुमची,
पुण्याची चेडू