फुफ्फुसे नुसती बर्फात ठेवत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंदुरात ग्रीन कॉरिडॉर (दान केलेले अवयव नेण्यासाठी मोकळा केलेला रस्ता) झाला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत दोन गोष्टी हमखास असतात. अॅम्ब्युलन्स किती मिनिटांत विमानतळावर पोहोचली, आणि अवयव 'बर्फाच्या पेटीत' ठेवून रवाना झाले. वाहतूक पोलिसांचे कौतुक व्हायलाच हवे. पण फुफ्फुसांच्या बाबतीत त्या मिनिटांना मिळते तेवढे महत्त्व नसते, आणि 'बर्फाची पेटी' हे वर्णन अर्धवट आहे.

मूत्रपिंड थंड ठेवले तर २४ तास किंवा त्याहूनही जास्त टिकते, यकृत ८ ते १२ तास. फुफ्फुसांना ६ ते ८ तास धरतात. हे घड्याळ अॅम्ब्युलन्स निघाल्यावर सुरू होत नाही. दात्याच्या महाधमनीला क्लॅम्प (रक्तप्रवाह थांबवणारा चिमटा) लागतो तेव्हा ते सुरू होते आणि रुग्णाच्या छातीत रक्त वाहू लागते तेव्हा थांबते. दोन्ही फुफ्फुसे बसवायची असतील तर ती एकामागून एक बसवतात, म्हणजे दुसऱ्याला आणखी तासभर तरी ताटकळावे लागते. इंदूरहून चेन्नई गाठायची तर सगळा हिशेब या दुसऱ्या फुफ्फुसावरून मांडावा लागतो.

आता बर्फाविषयी. क्लॅम्पच्या आधी हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारे औषध देतात, दर किलो वजनामागे सुमारे ३०० युनिट. रक्तवाहिन्या सैल पडाव्यात म्हणून फुफ्फुसधमनीत प्रोस्टाग्लँडिन सोडतात. मग त्याच धमनीतून थंड द्रावण, किलोमागे ५० ते ६० मिली. साठ किलोच्या दात्याला तीन ते साडेतीन लिटर लागते. त्यात डेक्स्ट्रान (साखरेच्या रेणूंची लांब साखळी) असते आणि पोटॅशियम मुद्दाम कमी ठेवलेले असते, कारण जास्त पोटॅशियमने फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि द्रावण कोपऱ्यापर्यंत पोहोचत नाही. पिशवी हृदयापासून साधारण ३० सेंटिमीटर उंचीवर टांगायची. घाईत कुणी ती दाबून रिकामी करू लागला तर तिथेच सूज यायला सुरुवात होते. हे चालू असताना व्हेंटिलेटर बंद करायचा नाही. फुफ्फुस पांढरे पडले की धुणे नीट झाले असे समजावे. त्यानंतर चारही फुफ्फुसशिरांमधून उलट दिशेने प्रत्येकी सुमारे अडीचशे मिली सोडतात. अडकलेल्या गुठळ्या याच वेळी बाहेर पडतात, म्हणून ही पायरी गाळू नये.

फुफ्फुस हवा भरूनच बंद करायचे असते. ५० टक्के ऑक्सिजन, अर्धीअधिक फुगवण, मग श्वासनलिकेला स्टेपल. या हवेवरच पेशी प्रवासभर जगतात. इतर अवयवांना ही सोय नाही. पण गच्च फुगवले तर विमानात पंचाईत होते. केबिनमधला दाब कमी झाला की बंद हवा पाव ते तिसऱ्या हिश्श्याने प्रसरण पावते आणि वायुकोश ताणून फाटू शकतात. पुढे एकात एक अशा तीन निर्जंतुक पिशव्या. आतल्या पिशवीत फुफ्फुस थंड द्रावणात बुडालेले, बर्फ सगळ्यात बाहेर. बर्फाचा खडा थेट टेकला तर तेवढा भाग गोठून मरतो. बर्फही वितळता, म्हणजे शून्य अंशाचा हवा. डीप फ्रीजरमधून नुकताच काढलेला चालत नाही, आणि कोरडा बर्फ तर मुळीच नाही. (टोरांटोच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये दाखवून दिले की ४ अंशांपेक्षा १० अंशांवर फुफ्फुस जास्त चांगले टिकते. तेव्हा 'जितके गार तितके बरे' हा समजही जुना झाला.)

हे सगळे बिनचूक केले तरी बहुतेक फुफ्फुसे त्याआधीच हातची गेलेली असतात, आणि तीही आपल्याच आयसीयूत. मेंदूमृत्यूच्या दोन तपासण्यांत किमान ६ तासांचे अंतर कायद्याने लागते, आणि नासाडी याच वेळात होते. मेंदू गेला की लघवी आवरणारे संप्रेरक थांबते, लघवीचा पूर येतो, रक्तदाब पडतो आणि सलाईनवर सलाईन चढते. मूत्रपिंडे खूश, फुफ्फुसे पाण्याने जड. इथे व्हासोप्रेसिन, म्हणजे तेच संप्रेरक, वेळेवर सुरू करणे हाच उपाय. अॅप्निया तपासणीत (रुग्ण स्वतः श्वास घेतो का हे पाहताना) नळी सरळ काढून ठेवली तर फुफ्फुस मिटते. सीपॅपवर, म्हणजे हवेचा सतत दाब देत, तपासणी करावी आणि नंतर फुफ्फुस पुन्हा उघडून घ्यावे. श्वासाचे माप उंचीवरून काढलेल्या वजनाच्या किलोमागे ६ ते ८ मिली, पीप (श्वास सोडल्यावरही फुफ्फुसात राखलेला दाब) ८ ते १०, डोके ३० अंश वर, नळीच्या फुग्याचा दाब २५ ते ३०; दोन्ही दाब सेंटिमीटर पाण्यात. यातल्या कशालाही महागडे यंत्र लागत नाही. रात्रपाळीच्या नर्सला लिहून दिले तर ती करते, पण बहुधा कुणी लिहून देत नाही.

शंभर टक्के ऑक्सिजनवर रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब ३०० मिमी पाऱ्याच्या वर असेल तर फुफ्फुसे घेण्याचा विचार होतो. नातेवाईक विचारतात, "डोळे, मूत्रपिंडे, यकृत घेतले, मग फुफ्फुसे का नाही घेतली?" त्याचे उत्तर बहुतेक वेळा या एका आकड्यात असते, आणि ते त्यांना कुणी सांगत नाही.

आपल्या वार्ताहरांना विनंती अशी की, पुढच्या वेळी अॅम्ब्युलन्सच्या मिनिटांसोबत क्लॅम्प कधी लागला ती वेळही विचारून छापावी. आणि फुफ्फुसे घेतली गेली नसतील, तर दात्याच्या शेवटच्या रक्तवायू तपासणीत ऑक्सिजन किती आला होता, तेही.

आपला,
आयसीयूतील एक भूलतज्ज्ञ
राजेंद्रनगर, इंदूर
(विनंतीवरून नाव छापलेले नाही)