शिफारसपत्र कोण लिहिणार?
अमेरिकेतील नामांकित विद्यापीठांत मुलाला पाठवू पाहणारे पालक प्रमाणपत्रांच्या फायली फुगवत बसतात. अनेक अमेरिकी विद्यापीठांसाठी एकच ऑनलाइन अर्ज भरता येतो, त्या 'कॉमन ॲप'मध्ये उपक्रमांना जागा 10च, प्रत्येकाच्या वर्णनाला 150 अक्षरे. तिथे दोन दिवसांच्या शिबिराला काय किंमत? त्यापेक्षा वस्तीतल्या मुलांना दोन वर्षे गणित शिकवलेले केव्हाही सरस.

मला खरी काळजी वाटते ती अर्जासोबत शिक्षकांनी द्यायच्या शिफारसपत्राची. अकरावी-बारावीची मुले दिवसभर क्लासमध्ये, कॉलेजात हजेरीपुरती. मग शिक्षकांनी त्यांच्याबद्दल लिहायचे तरी काय? मुलांनो, वर्गात बसा, शंका विचारा, प्रयोगाचे उत्तर चुकले तर सरांशी हुज्जत घाला. लवकर अर्ज करणाऱ्यांच्या प्रवेशफेरीची मुदत अनेक ठिकाणी 1 नोव्हेंबर असते. पत्रासाठी शिक्षकांना उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच सांगून ठेवा.

– एक शिक्षिका, ठाणे