मुठीत धरलेला घास

मावशी, नमस्कार.

हे पत्र तुमची सून तुम्हाला मोबाईलवर वाचून दाखवेल, कारण तुमच्या चष्म्याची काडी अजून दोऱ्यानेच बांधलेली असणार. १ जूनला मासेमारीची बंदी लागली आणि आमच्या सोसायटीच्या गेटजवळची तुमची जागा रिकामी झाली. तिथे आता एकजण छत्र्या दुरुस्त करत बसतो. तुम्हाला समोरासमोर सांगायचं ते राहूनच गेलं. आणि असं चारचौघांत सांगतेय ते अशासाठी, की तुमच्याआधी ज्यांनी आम्हाला वाटेला लावलं त्यांच्याही कानावर पडावं.

ठमी जेवते, मावशी. आज सकाळी वाटी पुसून काढली आणि "एवढंच?" अशा नजरेने माझ्याकडे बघत बसली.

तुम्हाला ठाऊक आहे, आमचं घर शाकाहारी. सात वर्षांपूर्वी जिन्याखाली हे मुठीएवढं पिल्लू सापडलं तेव्हा सासूबाईंनी एकच अट घातली होती: मांजर चालेल, तिचं जेवण स्वयंपाकघरात चालणार नाही. म्हणून ठमीचा सगळा संसार गॅलरीत. इंडक्शनची शेगडी, चिकन उकडायचं पातेलं, वाटी, पाण्याचं भांडं आणि त्याच कोपऱ्यात तिचा शी-शूचा ट्रे. सात वर्षं कुणाला त्यात काही खटकलं नाही. मलाही नाही.

मार्चपासून तिने खाणं कमी केलं. वाटीपाशी यायची, हुंगायची, एखादा तुकडा उचलायची आणि टाकून निघून जायची. दुसरं काही दिलं की पुन्हा तेच. सोसायटीतल्या लोकांनी निदान करून टाकलं: नखरे. घरात कोंडलेली मांजर, शिकार नाही, फिरणं नाही, जिभेचे चोचले वाढलेत. कुणी म्हणालं, उन्हाळा आहे. दुकानदाराने तीन कंपन्यांची पाकिटं गळ्यात मारली, ट्यूना, सॅल्मन आणि आणखी कसलं तरी. सासूबाईंनी तर बशीत बासुंदी ठेवली. (बासुंदीचं नंतर कळलं. मांजराला गोड चवच लागत नाही, गोड ओळखणारं जनुकच तिच्यात निकामी असतं. बासुंदी शेवटी ह्यांनी संपवली.)

मग आम्ही एका दवाखान्यात गेलो. काचेचं दार, एसी, भिंतीवर गोंडस पिल्लांचे फोटो. डॉक्टरांनी ठमीला बास्केटच्या बाहेर काढलं नाही, तोंड उघडून बघणं तर लांबच. वरूनच पाठीवर हात फिरवला आणि म्हणाले, "लाडावून ठेवलंय तुम्ही. दोन दिवस काही देऊ नका. भूक लागली की गपचूप खाईल." फी ८०० रुपये. मी मूर्ख, ऐकलं. दीड दिवस ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून राहिली आणि मी तिच्याकडे न बघता भाजी चिरत राहिले. तो दीड दिवस मला अजून झोपेत आठवतो.

त्या दीड दिवसानंतरच मी तुमच्याकडे मांदेली घ्यायला यायला लागले. रोज वीस रुपयांची. पाचव्या दिवशी तुम्ही तराजू खाली ठेवलात आणि विचारलंत, "गो, तुम्ही बामणं, रोज मासा कोणाला नेतेस?" मी सांगितलं. खरं म्हणजे तिथेच उभी राहून रडले. मागे दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती. तुम्ही त्यांना म्हणालात, "थांबा जरा, पोरीचं ऐकू द्या." दोन महिन्यांत माझं पूर्ण ऐकून घेणाऱ्या तुम्ही पहिल्या.

दुपारी धंदा आटपून तुम्ही वर आलात. लिफ्ट बंद, तिसरा मजला, तुमचे गुडघे, वैशाखातलं ऊन. पाटी तुम्ही न सांगताच जिन्यात ठेवलीत, साबण मागून दोनदा हात धुतलेत, आणि सासूबाईंकडे बघून म्हणालात, "आजी, मी आत येऊ ना?" सासूबाईंनी पाट दिला. पाट! त्या मला कधी पाट देत नाहीत.

गॅलरीत जाऊन तुम्ही वाटी बघितलीत, मग ट्रे बघितलात आणि नाक मुरडून म्हणालात, "हागायच्या जागी कोण जेवेल गो?" सात वर्षं! तुम्हाला ते दिसायला सात सेकंद लागले.

आणि मग ते झालं, ज्याच्यासाठी हे सगळं लिहितेय. मी फ्रिजमधून चिकनचा डबा काढला. उन्हाळ्यात बाहेर आंबतं म्हणून सकाळी उकडून आत ठेवायचे आणि तसंच वाटीत घालायचे. तुम्ही एक तुकडा बोटाने दाबलात. "हे तर बर्फ. याला वास कुठला येणार?" असं म्हणून तो तुकडा मुठीत घेतलात आणि मूठ मिटून बसलात. नुसत्या बसलात. घड्याळ लावलं नव्हतं, पण चार-पाच मिनिटं तरी गेली असतील. बोलला नाहीत, ठमीला हाका मारल्या नाहीत, तिच्याकडे बघितलंही नाहीत. गुडघा चोळत बाहेरच्या गुलमोहराकडे बघत होतात. तुमच्या हाताच्या शिरा, मनगटावरची हिरवी काचेची बांगडी आणि पाटावर सांडलेलं ऊन, एवढंच मला आठवतं. मूठ उघडलीत तेव्हा ठमी आपणहून आली. आधी तुमचा तळवा चाटला, मग तुकडा उचलला.

आणि मान डावीकडे कलती करून टाकला.

तुम्ही लगेच ओळखलंत. "बघितलंस? भूक आहे. खायला आली. घेतला आणि सोडला. नखरा नाय हा, तिचा दात दुखतोय." दुसरा तुकडा तुम्ही अंगठ्याने पार चेचलात, कोमट पाण्याचे दोन थेंब घातलेत. तो तिने तुमच्या तळहातावरून चाटून संपवला. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या आणि तुमच्यासाठी कोकम सरबत घेऊन आल्या, तेही चांगल्या पेल्यातून.

पुढचं फार सांगत नाही. दुसऱ्या एका डॉक्टरबाईंकडे नेलं. साधा दवाखाना, बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या. त्यांनी आधी तोंड उघडलं. खालच्या उजव्या दाढेची मुळापासून झीज झाली होती. मांजरांत हा आजार पुष्कळ दिसतो म्हणे, आणि मांजर दुखणं लपवण्यात पटाईत, कण्हत नाही की ओरडत नाही. दाढ काढली. तीन दिवस पेज केल्यासारखं पातळ खाणं, मग हळूहळू नेहमीचं. ४.३ किलोची ठमी ३.५ वर आली होती, आता पुन्हा ४ च्या जवळ आहे.

उपाशी ठेवल्याचं मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, मांजर म्हणजे कुत्रा नव्हे. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर अंगावरची चरबी यकृतात साचते आणि त्यात मांजर दगावूही शकते, जाडजूड असली तर धोका जास्तच. माझे हातपाय गार पडले. काचेच्या दारवाल्या साहेबांनी हे वाचलं तर बरं. पैसे परत नकोत, पण पुढच्या माणसाला तो सल्ला देऊ नका.

तुमच्या मुठीचं सांगितलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, मावशींचं बरोबर आहे. मांजराच्या जिभेला चव बेताचीच कळते, ती जेवते नाकाने. अन्न अंगाइतकं कोमट झालं की त्याचा वास सुटतो. म्हणजे नुकत्या मारलेल्या उंदराइतकं कोमट. हे शेवटचं मी सासूबाईंना सांगितलेलं नाही.

आणि मावशी, दाढ काढल्यावर मी पुन्हा मांदेली मागायला आले, तर तुम्ही दिली नाहीत! "धंदा माझा आहे तरी सांगते, रोज मासा नको. एकदा सवय लागली की दुसऱ्या कशाला तोंड लावणार नाय." वीस रुपये माझ्या हातात परत कोंबलेत. डॉक्टरबाई नंतर तेच म्हणाल्या. आपला माल विकू नये म्हणून गिऱ्हाइकाला परत पाठवणारी माणसं मी फार बघितली नाहीत. एकदा पनवेलच्या स्टँडवर एका कंडक्टरने मला आपल्या गाडीतून उतरवून पुढच्या गाडीत बसवलं होतं, "ती लवकर पोचेल, ताई" म्हणून. नाव विचारायचं राहिलं. अशी माणसं भेटतात तेव्हा आपण घाईत असतो, ही मोठी पंचाईत आहे. तुमचंही नाव मला सुनेकडून कळलं, चार वर्षं गेटवर रोज बघून.

घरात बदल झालेत. ठमीची वाटी आता हॉलमध्ये, खिडकीखाली. सासूबाईंनीच हलवली. उथळ पितळी ताटली दिली आहे, देव्हाऱ्यातली जुनी. घास मी कोमट पाण्याच्या वाटीत ठेवून गरम करते. दोनदा मुठीत धरून बघितला, पण माझे हात गारच असतात. ठमी हुंगते आणि माझ्या तोंडाकडे बघते.

साखरांब्याचा डबा मिळाला असेल. तो परत करायची मुळीच घाई करू नका. डबा रिकामा पाठवायचा नसतो, तेव्हा तुम्ही त्यात सुका जवळा भरून धाडाल, या धास्तीने सासूबाईंनी मुद्दाम झाकण सैल झालेला डबा दिला आहे.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची, वीस रुपयांची मांदेलीवाली