कोरल फ्रेम लावायची का?

सुन्या,

तुझा मेसेज वाचला, फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा लिहूनच टाकतो. मालदीवला चाललायस, वहिनींच्या नावाने कोरल फ्रेम, म्हणजे समुद्रात पोवळं वाढवायचा सांगाडा, लावायचीय आणि आमचे पैसे वसूल झाले का विचारतोयस. ऐक.

आम्ही डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या माफुशी बेटावर होतो. डाइव्हवाल्याने शंभर डॉलर घेतले आणि वाळू चिकटवलेल्या लोखंडी सळ्यांचा एक सांगाडा पुढ्यात ठेवला, बाजूला टबमध्ये पोवळ्याचे बोटाएवढे तुकडे. ते एकेक करून झिप टायने बांधायचे, तेच रे, इलेक्ट्रिशियन वायरी आवळतो ते. नीता इतकं घट्ट आवळत होती की डाइव्हवाल्याकडचा पोरगा म्हणाला मॅडम जिवंत आहे ते! मग नंबर ४१ ची पट्टी लावून फ्रेम पाण्यात, सहा महिन्यांनी फोटो येईल म्हणाले.

फोटो आला जून २०२४ ला. निम्मे तुकडे पांढरेफटक. समुद्र भयंकर तापला होता, १९९८ आणि २०१६ सारखाच. पाणी तापलं की पोवळं आपल्या पोटातलं शेवाळ बाहेर फेकतं, आणि रंग, बहुतेक अन्न त्या शेवाळाकडूनच येत असतं, मग बसतं उपाशी. त्यात डाइव्हवाल्याची काय चूक.

फालतू आहे असं नाही म्हणत मी. बेटं बहुतेक समुद्रापासून मीटरभरसुद्धा वर नाहीत, लाट बाहेर रीफवर, म्हणजे पोवळ्याच्या खडकावर फुटते म्हणून आत निवांत. आणि आपण लोळतो ती पांढरी वाळू बरीचशी पॅरटफिशची शी असते, पोवळं कुरतडून खातो तो मासा. (वहिनींना परत आल्यावर सांग.)

पण खरी गंमत चेकआउटला झाली. बिलावर ग्रीन टॅक्स, म्हणजे पर्यटकांवरचा सरकारी कर, गेस्टहाऊसला तेव्हा माणशी रात्रीला ३ डॉलर होता, चार रात्रींचे दोघांचे २४, आणि शंभर हसत देणारा मी त्यावर कटकट करत बसलो. मालक साठीचे, काही बोलले नाहीत, मागच्या दारी विहिरीवर नेलं आणि ओंजळभर पाणी चाखायला लावलं. मचूळ. लहानपणी हेच प्यायचो म्हणाले. टॅक्सचा पैसा ग्रीन फंडात जातो, त्यातून कचरा, सांडपाणी, किनाऱ्याचे बंधारे. "गटाराच्या पाइपवर बायकोचं नाव टाकायला कोण डॉलर देणार?" असं म्हणून स्वतःच हसले. आपण तरी दापोलीला जाऊन धूपप्रतिबंधक बंधाऱ्यासाठी कधी रुपया दिलाय का रे?

जानेवारी २०२५ पासून छोट्या गेस्टहाऊसला ६ झालाय आणि रिसॉर्टला १२, तेव्हा माझ्यासारखा काउंटरवर वाद घालू नकोस. फ्रेम लाव खुशाल, वहिनी खूश होतील. फक्त मार्च ते मे पाणी तापतं, तेव्हा लावणार असतील तर नाही म्हण.

आणि एक काम कर, आमची ४१ नंबर बघून ये. उथळच आहे, मास्क लावून वरूनही दिसेल. त्यानंतर फोटो आलेला नाही आणि नीता अजून विचारते.

तुझा,
मंद्या