वरच्या मजल्याचं काय करायचं

ती. आई-बाबांना,
सा. न.

फोनवर हा विषय निघाला की बाबा ‘बघू’ म्हणतात आणि आई गॅसवर काहीतरी असल्याचं सांगून फोन ठेवते. म्हणून लिहून पाठवतेय. सवडीने वाचा, दोघांनी मिळून वाचा.

दादा नोकरीसाठी बाहेर गेल्यापासून वरचा मजला बंद आहे. अधूनमधून खिडक्या उघडायच्या, केर काढायचा, पावसाळ्यात बाथरूमच्या भिंतीला ओल आली की चिडचिड करायची, एवढाच त्याचा उपयोग. पेन्शन आहे तेवढीच आहे आणि औषधांचं बिल मात्र वाढतंय. तुम्ही आमच्याकडे मागणार नाही हे मला माहीत आहे. मग घराकडेच मागू या.

बाबा, तुमची भीती मला ठाऊक आहे: भाडेकरू एकदा शिरला की निघत नाही. ती उगाच नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याच्या काळात भाडं गोठलेलं असायचं आणि माणूस बाहेर काढायला मालकाची हयात कोर्टात जायची. त्यातून पळवाट म्हणून लोक लीव्ह अँड लायसन्सवर (म्हणजे ठरावीक मुदतीपुरती नुसती वापराची परवानगी देणाऱ्या करारावर) जागा देऊ लागले, तर १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ ला अशा कराराने राहत असलेल्यांनाही भाडेकरूचे हक्क मिळाले. हे पाहिलेल्या पिढीने घराला कुलूप लावणंच पसंत केलं, यात नवल नाही.

पण तो कायदा गेला. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे. त्यात लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की राहायला दिलेली जागा परत घेण्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे (म्हणजे याच कामासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो, दिवाणी दाव्याच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. मुदत संपूनही माणूस हलला नाही तर ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. लेखी करारात जे लिहिलंय तेच तिथे निर्णायक पुरावा धरतात. काम दोन दिवसांत होईल असं मी म्हणत नाही, पण हयात जाणार नाही.

अट एकच, करार नोंदवलेला हवा. शेजारचे काका सांगतील, ‘अकरा महिन्यांचं स्टँप पेपरवर लिहून घ्या, नोंदणी कशाला?’ त्यांना चहा द्या, सल्ला घेऊ नका. आपल्या राज्यात या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृत लागतो आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर अटींबद्दल राहणारा जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं मानलं जातं. वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खर्च तर किरकोळ आहे. समजा दोन वर्षांचा करार, महिना १२,००० भाडं, ५०,००० अनामत. दोन वर्षांचं भाडं २,८८,०००, त्यात अनामतीवर वर्षाला १० टक्के धरून दोन वर्षांचे १०,००० मिळवायचे आणि एकूण रकमेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क. म्हणजे साडेसातशे-आठशे रुपये. नोंदणी फी आणि एजंटाचे पैसे वेगळे.

नोंदणी आता ऑनलाइन होते. एजंट यंत्र घेऊन घरीच येतो, फोटो काढतो, आधारवर अंगठा घेतो. आई, इथे तुझं काम आहे. बँकेत तुझा अंगठा उमटत नव्हता, तिघी-चौघींनी पदराने बोट पुसून दिलं तरी मशीन ‘नाही’च म्हणत होतं, आठवतं ना? वयाने बोटांच्या रेषा झिजतात. आधी आधार केंद्रात जाऊन बोटांचे ठसे नव्याने देऊन ये, म्हणजे त्या दिवशी खोळंबा नको. आणि राहायला येणाऱ्याची माहिती पोलिसांकडे द्यायची, ती मी इथून ऑनलाइन भरीन.

कोणाला द्यायचं? बाबा आडनाव विचारणार, म्हणून आधीच सांगते. आडनावावरून काही कळत नाही. नोकरी कुठे आहे आणि आधीच्या घरमालकाचा नंबर देतो का, हे विचारा. त्या मालकाला फोन मी करीन. तुम्ही केलात तर अर्धा तास हवापाण्यावर जाईल.

वर जायचा जिना बाहेरून आहे, हे आपलं नशीब. आतलं मधलं दार मात्र तुमच्या बाजूने कडी घालून बंद करा. वीज मीटर वेगळं घ्या. ते लगेच जमलं नाही तर सबमीटर बसवा आणि दर महिन्याचं रीडिंग फोटो काढून ठेवा. घरात भांडणं विजेच्या बिलावरून आणि पाण्याच्या वेळेवरून होतात, भाड्यावरून फारशी होत नाहीत. द्यायच्या आधी ओलीची भिंत दुरुस्त करून घ्या. गीझर, पंखे, नळ, कपाटाच्या किल्ल्या यांची यादी फोटोंसकट कराराला जोडा. सोडून जाताना अनामत परत करायच्या वेळी हीच यादी कामाला येते.

आता कराचं. भाड्यातून तुम्ही भरलेली घरपट्टी वजा करायची आणि उरलेल्या रकमेतून सरळ ३० टक्के सूट मिळते, दुरुस्तीला एक रुपया खर्च केला नसला तरी. १,४४,००० भाड्यातून ४,००० घरपट्टी गेली तर उरतात १,४०,०००, त्यातले ४२,००० सूट, म्हणजे ९८,०००च उत्पन्नात धरायचे. पैसे आईच्या खात्यात घेतले म्हणून ते आईचं उत्पन्न होत नाही. घर ज्याच्या नावावर, कर त्याला. दोघांच्या नावावर असेल तर ज्याच्या-त्याच्या हिश्श्याप्रमाणे. म्हणून प्रॉपर्टी कार्डाचा फोटो आधी पाठवा, मग बोलू. घरपट्टीतही फरक पडू शकतो, काही महापालिका मालक स्वतः राहतो म्हणून सवलत देतात. तेही विचारून घेते.

आई मागे होमस्टेचं बोलली होती. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाच्या योजनेत एक ते सहा खोल्यांच्या घराला नोंदणी मिळते आणि मालक तिथेच राहणारा लागतो, म्हणजे आपण बसतो. पण दर दोन दिवसांनी चादरी बदलायच्या, रात्री अकराला दार उघडायचं, परदेशी पाहुणा आला तर चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला कळवायची. तुझ्या गुडघ्यांना हे झेपणारं नाही. जेवणासकट पेइंग गेस्ट तर नकोच नको. तू महिनाभरात त्यांचे डबे भरायला लागशील. क्लासला खोली दिली तर वापर व्यावसायिक ठरतो आणि विजेचा दर बदलतो. गाडीची जागा हवी तर शेजाऱ्यांना द्या, तिथे काही बिघडत नाही.

गच्चीचं मात्र गंभीरपणे बघू या. पंतप्रधान सूर्यघर योजनेत (२०२४) पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० अनुदान आहे, म्हणजे जास्तीत जास्त ७८,०००. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी, सावली न पडणारी जागा लागते आणि दिवसाला चारेक युनिट वीज मिळते. याला कमाई म्हणायचं की बचत, बाबांनी ठरवावं. आंब्याची सावली दुपारी किती येते तेवढं आधी बघा.

मोबाइल टॉवरसाठी जे पत्र आलंय, शिक्का आणि ‘ना हरकत’ असलेलं, ते फाडा. टॉवरच्या परवानगीसाठी ट्राय किंवा दूरसंचार विभाग कोणाकडून पैसे मागत नाहीत, त्यांनीच हे अनेकदा जाहीर केलंय. आधी ‘प्रोसेसिंग फी’ भरा म्हणणारा चोरच.

एक गोष्ट बोलायला मला अवघड जाते. रिव्हर्स मॉर्गेज. वय साठच्या पुढे असेल तर स्वतःच्या, स्वतः राहत्या घरावर बँक दरमहा पैसे देते. दोघांपैकी शेवटचा माणूस असेपर्यंत घर सोडावं लागत नाही, मिळालेले पैसे उत्पन्न धरले जात नाहीत आणि नंतर वारसांना कर्ज फेडून घर ठेवता येतं. २००७ पासून हे आहे, पण मुलांना काय वाटेल म्हणून लोक तिकडे वळत नाहीत. आम्हाला काही वाटणार नाही. दादाशी मी बोलले आहे. घर आमच्यासाठी राखायचं म्हणून तुम्ही डॉक्टरांची तारीख पुढे ढकलू नका. फक्त एवढं लक्षात ठेवा की या कर्जात घराचा भाग भाड्याने दिला तर बँक ते कर्ज परत मागू शकते, त्यामुळे दोन्ही एकदम चालत नाहीत. आत्ता वरचा मजला द्या. दुसरं गरज पडली तर बघू.

भाडं तुमच्याच खात्यात जाईल आणि तुम्हीच खर्च कराल, एवढं कबूल करा. त्यातून नातवाच्या नावाने एफडी काढलेली मला चालणार नाही.

तुमची,
मनू

ता. क. जाहिरात टाकली की ‘मी फौजेत आहे, घर न बघताच अनामत पाठवतो, हा कोड स्कॅन करा’ असा फोन येण्याची शक्यता खूप आहे. गोड बोलतात, ओळखपत्राचा फोटोही पाठवतात. बाबा, पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही, पिन पैसे द्यायला लागतो. पिन मागितला की फोन ठेवा आणि मला लावा.