पिंपल्सची गोळी चालू, पण रक्त कधी तपासलं?

संपादक साहेब, नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे, रोज सकाळी सात ते अकरा रक्त काढायचं हेच माझं काम. मागच्या महिन्यात कॉलेजचा एक मुलगा आला, हातात चिठ्ठी नाही, म्हणाला पिंपल्सची गोळी चालू आहे, ओठ फार फाटतायत, आई म्हणाली एकदा रक्त दाखवून ये. मोबाईलमध्ये पाकिटाचा फोटो होता, आयसोट्रेटिनॉइन 20 एमजी. चार महिने घेतोय. पहिले दोन महिने स्किनच्या डॉक्टरांची चिठ्ठी, पुढचे दोन तीच चिठ्ठी मेडिकलवाल्याला दाखवून. तपासणी एकदाही नाही. रक्ताची नळी मशीनमध्ये फिरवून काढली तर वरचं सिरम, म्हणजे रक्तातलं वर येणारं पाणी, दुधासारखं पांढरं. काय खाऊन आलास रे, तर म्हणे मिसळ! दुसऱ्या दिवशी बारा तास उपाशी बोलावून परत घेतलं तरी ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक चरबी, 410, हे 150 च्या आत लागतं. लिव्हरचे आकडे ठीक होते. डॉक्टरांकडे पाठवला, त्यांनी डोस कमी केला.

गोळी वाईट आहे असं मी म्हणत नाही. अमेरिकेत 1982 पासून वापरतात, चेहऱ्यावर खड्डे पाडणाऱ्या पिंपल्सवर एवढं चालणारं दुसरं औषध नाही. पण ती व्हिटॅमिन ए च्या घरातली, रक्तातली चरबी आणि लिव्हरचे एन्झाइम वाढवू शकते, आणि ट्रायग्लिसराइड हजाराच्या आसपास गेलं तर स्वादुपिंडाला सूज यायची भीती. तोपर्यंत बहुतेक वेळा काही दुखत नाही, म्हणूनच तर तपासायचं.

याच्या उलट पण लोक येतात. दर महिन्याला फुल बॉडी पॅकेज, थायरॉइडसकट. माझ्या मालकांना हे आवडणार नाही पण तेवढं लागत नाही हो. हल्ली डॉक्टर लोक म्हणतात की सुरू करायच्या आधी एकदा आणि डोस पूर्ण वाढला की साधारण दोन महिन्यांनी एकदा लिव्हर आणि लिपिड (रक्तातली चरबी) बघा, नॉर्मल असेल तर दर महिन्याला नको, बिघडलं तर डॉक्टर सांगतील तसं. आणि जिमवाल्या पोरांनो, आदल्या दिवशी जोरात व्यायाम करून येऊ नका, त्याने पण एसजीओटी (लिव्हरच्या तपासणीतला एक आकडा) वाढतं आणि उगाच घरचे घाबरतात.

मुलींचं वेगळंच. ही गोळी चालू असताना दिवस राहिले तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं, म्हणून आधी प्रेग्नन्सी टेस्ट आणि गोळी बंद केल्यावर निदान एक महिना थांबणं आलंच. पण आपल्याकडे विचारणार कोण? "लग्न झालंय का" एवढं विचारतात, नाही म्हटलं की विषय संपला. आणि नेमकं लग्न ठरलं की चेहरा साफ पाहिजे म्हणून गोळी सुरू, हळदीच्या आदल्या दिवसापर्यंत चालू! त्या पोरीला महिनाभराचं कुणी सांगितलेलंच नसतं, आई सोबत असते म्हणून ती पण काही विचारत नाही. अशा वेळी मी सॅम्पल घेताना आईला बाहेर बिल करायला पाठवते आणि दोन वाक्यांत सांगून टाकते.

अजून एक, रक्तदान. गणपती असो, शिवजयंती असो, आपल्याकडे शिबिर असतंच आणि पोरं हौसेने देतात. ही गोळी चालू असताना आणि बंद करून एक महिना होईपर्यंत रक्त द्यायचं नाही, कारण ते एखाद्या गरोदर बाईला चढू शकतं. फॉर्मवर औषधांचा प्रश्न असतो पण पिंपल्सच्या गोळीला कुणी औषध समजतच नाही, सगळे नाही वर टिक करतात. म्हणून आता शिबिरात मी काही औषध चालू आहे का असं विचारायचं सोडलंय, सरळ पिंपल्सची गोळी खातोस का विचारते. मागच्या शिबिरात दोघं रांगेतून परत गेले.

– एक लॅब टेक्निशियन, सातारा जिल्हा